शिशाच्या गोळ्या ओतताना कडकपणाचा गोंधळ: या चुका टाळा

बंदुकीच्या नळीत गोळीचं शिसं चिकटलं की ओतणाऱ्याच्या तोंडून हटकून एकच वाक्य निघतं, "शिसं मऊ पडलं." मग पुढच्या खेपेला तो भांड्यात अँटिमनी (शिशाला कडक करणारा धातू) वाढवतो, त्याच्या पुढच्या खेपेला गरम गोळ्या पाण्यात टाकून त्यांना पाणी देतो, आणि नळी तशीच्या तशी. मीही दोन हंगाम हेच केलं. शेवटी मायक्रोमीटर लावला तेव्हा कळलं की माझी गोळी ०.३५७ इंचाची आणि नळीचा आतल्या पिळदार खाचांमधला व्यास ०.३५८. बाजूने गरम वायू निसटत होता आणि जाता जाता गोळीचं शिसं खरवडून नळीला फासत होता. गोळी जितकी कडक करत गेलो, तितकी ती दाबाखाली फुगून फट बुजवायला नाखूश होत गेली. म्हणजे औषधच रोग वाढवत होतं.

म्हणून पहिली चूक कडकपणाची नाहीच, मापाची आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून हलकेच ढकला आणि त्याचा व्यास मोजा. गोळी त्याहून साधारण ०.००१ इंच मोठी हवी. हे जमलं की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता आकड्यांकडे. कडकपणा सांगतात तो ब्रिनेल आकड्यात. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली मांडलेली ही पद्धत: ठरलेल्या वजनाने पोलादी गोळी धातूत दाबायची आणि उठलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. शुद्ध शिसं ५ च्या आसपास. २० भाग शिसं, १ भाग कथील असलं तर १० च्या आसपास. गाडीच्या चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी क्लिपवाली वजनं १२ च्या घरात. चिकटवायची वजनं मात्र जवळजवळ शुद्ध शिसं असतात, ती त्यांच्यात मिसळली की हिशेब बिघडलाच. ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हे नावाजलेलं मिश्रण १५. छापखान्यातला अक्षरं ओतायचा धातू म्हणजे लायनोटाइप, ज्यात १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, ते २२.

इथे पुष्कळ जण फसतात. एक भाग लायनोटाइप, तीन भाग शुद्ध शिसं घेतलं तर कडकपणा किती? २२ आणि तीनदा ५, भागिले ४, म्हणजे सव्वानऊ असं कागदावर येतं. पण कडकपणा असा सरासरीने चालत नाही. सरासरी काढायची ती घटकांची: या मिश्रणात ३ टक्के अँटिमनी आणि १ टक्का कथील उरतं, आणि मोजल्यावर आकडा कागदावरच्यापेक्षा वरच भरतो. लगडी ओतताना प्रत्येकीवर काय मिसळलंय ते खिळ्याने कोरून ठेवा. सहा महिन्यांनी सगळ्या लगडी सारख्याच करड्या दिसतात.

कथिलाबद्दलही गैरसमज आहे. ते घातलं की कडकपणा थोडासाच वाढतो; त्याचं खरं काम साचा नीट भरण्याचं. त्यासाठी २ टक्के पुरतात, त्यापुढे घालत राहणं म्हणजे महागडी हौस.

सगळ्यात वाईट सवय मात्र वेगळी आहे. वितळणाऱ्या शिशावर करडी, लापशीसारखी साय दिसली की काही जण "कीट आलं" म्हणून पळीने उचलून फेकतात. भांडं अजून पुरतं वितळलेलं नसतं आणि त्या लापशीतच अँटिमनी जास्त असतं. वरच्या पातळ सायीत कथिलाचा ऑक्साइड असतो. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच कचऱ्यात. आच वाढवा, सगळं पाण्यासारखं होऊ द्या, चमचाभर मेण टाकून तळापासून ढवळा (मेण भडकतं, चेहरा लांब ठेवा). त्यानंतरही जी कोरडी भुकटी वर राहील तेवढीच काढा.

याला एक अपवाद आहे, जस्त. हल्लीची चाकांची बरीच वजनं जस्ताची असतात आणि काहींवर तशी खूणही असते. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४१९ ला. वजनं वितळवताना थर्मामीटर लावून आच ३५० च्या आसपास ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात, अलगद उचलता येतात. एकदा ते विरघळलं की शिसं साच्यात नीट पसरत नाही, कडा बोथट येतात.

पाणी देण्याचं तंत्र कामाचं आहे, पण ते अँटिमनी असेल तरच लागू पडतं. थोडं आर्सेनिक असलं तर आणखी छान. नुसत्या शिसं-कथिलाच्या गोळ्या कितीही पाण्यात टाका, फरक पडत नाही. वजनांच्या धातूची १२ ची गोळी मात्र पाणी दिल्यावर २० च्याही पुढे जाऊ शकते. अट एकच: साचा उघडला की गोळी लगेच पाण्यात. एकीला दोन सेकंद, दुसरीला दहा, असं केलं तर एकाच घाण्यातल्या गोळ्या वेगवेगळ्या कडकपणाच्या निघतात. बादली भांड्यापासून लांब आणि खालच्या पातळीवर ठेवा. वितळलेल्या शिशाच्या आत पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं.

आणि मोजायची घाई करू नका. पाणी दिलेली गोळी बादलीतून काढल्या काढल्या मऊच लागते. काही तासांत ती झपाट्याने कडक होते आणि पुढे काही दिवस आकडा चढत राहतो. हवेवर निवालेलीही आठवडा-दोन आठवडे बदलते. यंत्र नसेल तर चित्रकाराच्या कमी-जास्त कडकपणाच्या पेन्सिली घ्या, टोक घासून चपटं करा आणि ४५ अंशांत गोळीवर ढकला. पेन्सिल घसरली तर ती गोळीहून मऊ, खरवडा निघाला तर कडक. अचूक आकडा येत नाही, पण दोन घाण्यांमधला फरक स्वच्छ कळतो. गोळी डायमधून (ठरलेल्या मापाच्या पोलादी भोकातून) दाबून काढून बारीक करायची असेल तर ते काम पाणी दिल्यावर लगेच उरका. कडक झाल्यावर दाबलीत तर वरचा थर पुन्हा मऊ पडतो.

तोंडाकडून भरायच्या बंदुकीसाठी यातलं काहीच नको. तिथे शुद्ध शिसंच, नाहीतर गोळी आत ढकलता ढकलता दमछाक होते.

गाडीच्या जुन्या बॅटरीचं शिसं फुकट मिळतंय म्हणून आणू नका. त्यातल्या आर्सेनिक-अँटिमनीच्या किटाला ओल लागली की जीवघेणे वायू निघू शकतात.