छोट्या गेमसाठी परवडणारी कॉन्सेप्ट आर्ट कशी करवून घ्यावी

रत्नागिरी, कुडाळ किंवा अलिबागला राहून, कोणत्याही कंपनीच्या पाठबळाशिवाय दोघातिघांनी व्हिडिओ गेम करायचा म्हटला, तर प्रोग्रॅमिंगची बाजू बहुधा घरच्या घरी निभावते. गेम बांधण्याचे गोदो, त्रिमितीय आकृत्यांचे ब्लेंडर, चित्रे काढण्याचे क्रिता ही साधने विनामूल्य मिळतात आणि शिकण्याचे साहित्यही भरपूर आहे. गाडे अडते ते चित्रांपाशी. गेममधले जग दिसणार कसे हे ठरवण्यासाठी जी प्राथमिक चित्रे काढली जातात, त्यांना कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात. ती दुसऱ्याकडून करवून घ्यायची असतात आणि हाताशी पैसे थोडे असतात. अशा वेळी चित्रकाराशी घासाघीस करण्याचा मोह होतो, पण त्यातून क्वचितच काही साधते. आपल्याला कोणते चित्र नेमके कशासाठी हवे आहे, हे काम देण्यापूर्वी ठरलेले असेल तर खर्च आपोआप आटोक्यात राहतो, आणि चित्रकाराला त्याच्या श्रमाचा योग्य मोबदलाही देता येतो.

कॉन्सेप्ट आर्ट आणि जाहिरातीचे चित्र यांत गल्लत होऊ देऊ नये. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर किंवा गुगल प्लेवर जे झळाळते चित्र दिसते, ते गिऱ्हाइकासाठी काढलेले असते. त्याची मापेही त्या त्या दुकानाने ठरवून दिलेली असतात, जसे गुगल प्लेवरचे १०२४ बाय ५०० पिक्सेलचे शीर्षचित्र. कॉन्सेप्ट आर्ट मात्र गेम करणाऱ्यांसाठीच असते आणि तिचे काम एखाद्या प्रश्नाचे उत्तर देणे हे असते. नायिकेची आकृती मोबाईलच्या छोट्या पडद्यावर गर्दीतून ओळखू येईल का? बंदरावरची घरे एका मजल्याची की दोन? शत्रूचे जहाज लांबून कशावरून ओळखायचे? उत्तर मिळाले की त्या चित्राचे काम संपले, मग ते करड्या छटांतले कच्चे रेखाटन असले तरी चालते. नवखे निर्माते बहुतेक पैसा इथेच घालवतात, कारण प्रश्नाचे उत्तर कच्च्या रेखाटनात मिळत असतानाही ते पूर्ण रंगवलेले चित्र मागतात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे चित्रांची यादी करण्याआधी प्रश्नांची यादी करणे. प्रत्येक प्रश्नापुढे लिहावे की हा आपण स्वतः सोडवू शकतो का, जुन्या छायाचित्रावरून सुटतो का, की त्याला खरोखर चित्रकार लागतो. यादी बरीच आखडते. उरलेल्या प्रश्नांचा हिशेब दिवसांत करावा. केवळ उदाहरण म्हणून धरू, की चित्रकाराचा दिवसाचा दर २,००० रुपये ठरला. एका दृश्याच्या पूर्ण रंगवलेल्या चित्राला चार दिवस लागत असतील तर ते ८,००० रुपयांना पडेल. त्याच दृश्याच्या सहा वेगवेगळ्या छोट्या रेखाटनांना एक दिवस आणि निवडलेल्या एका रेखाटनावर रंगांचा ढोबळ हात फिरवायला एक दिवस धरला, तर ४,००० रुपयांत सहा पर्याय पाहून निर्णय घेता येतो. संपूर्ण गेमसाठी पूर्ण रंगवलेली दोन किंवा तीनच चित्रे ठेवावीत, म्हणजे बाकी सगळे काम त्यांच्याशी ताडून पाहता येते. शैलीचाही विचार याच वेळी व्हावा. सपाट रंग, मोजक्या छटा आणि ठळक आकार यांवर उभी असलेली शैली कॉन्सेप्टच्या टप्प्यावर तर स्वस्त पडतेच, पण पुढे शेकडो वस्तू, पार्श्वभूमी आणि हालचाली काढताना तिचा खरा फायदा कळतो.

दुसरी पायरी संदर्भ गोळा करण्याची. ती पूर्णपणे आपल्या हातातली आहे आणि कोकणात राहणाऱ्याला तिच्यात मोठा लाभ आहे. चित्रकाराने तीन दिवस इंटरनेटवर शोधाशोध करायची, तर ते तीन दिवसही आपल्याच खर्चात धरले जातात. शिवाय इंटरनेटवरचे चित्र पुष्कळदा फसवते. समजा, गेम अठराव्या शतकातल्या एखाद्या खाडीकाठच्या गावात घडतो. आज कोकणातले जुने घर म्हटले की डोळ्यांसमोर मंगलोरी कौले येतात. पण मंगळुरात बाझेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला तो १८६५ साली. त्याआधीच्या गावात नळीची कौले, गवत, पेंढा किंवा झावळ्या यांची छपरे दाखवावी लागतील. तसेच जहाजांचे. गलबत, गुराब, मचवा आणि उलांडीची होडी यांचे आकार वेगळे, कामे वेगळी आणि किनाऱ्यावरची ठिकाणेही वेगळी. पावसाळ्यात समुद्र बंद असे, तारवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारली जात आणि दर्या खुला होई तो नारळी पौर्णिमेच्या सुमारास. तेव्हा आषाढातल्या मुसळधार पावसात शिडे फुगवून निघालेला काफिला दाखवायचा असेल, तर कथेत त्याला तसेच कारण हवे.

असे संदर्भ दुरून शोधणाऱ्याला सहज हाती लागत नाहीत. मालवणजवळ कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाचा दगड, ओहोटीला उघडा पडणारा भाग, जांभ्याच्या चिऱ्यांची उन्हातली आणि पावसातली छटा, पडवीची उंची, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांच्या पायांची ठेवण, हे सारे आपण मोबाईलवर टिपू शकतो. प्रत्येक जागेचे एक लांबचे, एक जवळचे आणि एक माणूस शेजारी उभा असलेले छायाचित्र घ्यावे, म्हणजे चित्रकाराला प्रमाण कळते. रत्नागिरी आणि राजापूर परिसरातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पे एखाद्या गूढ कथानकाच्या गेमला फार शोभतील. कशेळीच्या सड्यावर हत्तीच्या भल्यामोठ्या आकृतीत इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत, आणि कोकणातली ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. तिथे छायाचित्रे घेताना रेषांवर पाय पडणार नाही याची काळजी घ्यावी, आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नये. हा वारसा आपल्या गेमहून कितीतरी जुना आणि मोलाचा आहे.

संदर्भ हाती आले की मागणीपत्र लिहावे. चित्रकार त्याला ब्रीफ म्हणतात. ते एका पानाचे असावे. ‘भव्य आणि जबरदस्त पाहिजे’ अशा वाक्यातून चित्रकाराला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘हे दृश्य गेमच्या दुसऱ्या टप्प्याचे आहे. काळ साधारण १७३०. जागा खाडीच्या मुखावरचे छोटे बंदर, वेळ कार्तिकातली पहाट, ओहोटी. खेळाडू बाजूने पाहतो आणि डावीकडून उजवीकडे चालतो. त्याला लांबूनच जकातीची चौकी दिसली पाहिजे आणि तिकडे जाणे धोक्याचे आहे हे कळले पाहिजे. घरे गवती छपरांची, एकमजली. मंगलोरी कौले, विजेचे खांब आणि शोभेची पाम झाडे नकोत. प्रथम करड्या छटांतली सहा रेखाटने हवीत. त्यांतले एक निवडून त्याचा रंगांचा ढोबळ आराखडा. अंतिम फाईल ३८४० बाय २१६० पिक्सेल, लेयर (चित्राचे थर) सुटे ठेवलेली.’ यात काय नको तेही सांगितले आहे, आणि पुष्कळदा तेवढ्या एका वाक्यामुळे दुरुस्तीची एक फेरी वाचते. सोबत दहा-बारा संदर्भ जोडावेत आणि प्रत्येकाखाली त्यातले काय घ्यायचे ते एका ओळीत लिहावे, कारण एखाद्या छायाचित्रातला फक्त प्रकाश हवा असतो आणि चित्रकार मात्र इमारत उचलतो.

चित्रकार कोठे शोधावा? चित्रकार आपले काम मांडतात ती आर्टस्टेशन, बिहान्स ही संकेतस्थळे आणि इन्स्टाग्राम आहेतच. पण काम कोकणाचे असेल तर जवळपास पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. देवरुख आणि सावर्डे येथे कला महाविद्यालये आहेत, आणि मुंबईला १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कोकणातली मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. अशा विद्यार्थ्यांना घराची, झाडांची आणि पावसाची समज मुळातूनच असते. गेमचे तंत्र त्यांना समजावून द्यावे लागते. नमुने पाहताना सुंदर चित्रांपेक्षा एकाच विषयाचे अनेक पर्याय काढलेले पान शोधावे, कारण कॉन्सेप्ट आर्टमध्ये लागणारे कौशल्य तेच आहे. खात्री नसेल तर एक छोटे काम देऊन पाहावे, मात्र त्याचे पैसे द्यावेत. चाचणीच्या नावाखाली फुकट चित्रे काढून घेणे गैर आहे. ज्याच्याकडे पेन टॅब्लेट नाही त्यालाही या टप्प्यावर डावलू नये. कागदावरचे शाईचे रेखाटन ३०० डीपीआयवर स्कॅन करून घेतले तर बहुतेक प्रश्नांना पुरते.

कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, ज्यांना गेममध्ये आणावीशी वाटते, त्यांनी ती दुसऱ्याकडून नकलून घेऊ नये. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि ही कला आजही कुटुंबांतून चालू आहे. त्या कलाकारांकडेच जावे, कोणता प्रसंग, कोणते पात्र कोणत्या संदर्भात वापरणार ते त्यांना सांगावे, देवतांच्या चित्रणाबद्दल त्यांचे म्हणणे ऐकावे आणि श्रेय ठळकपणे द्यावे. हे काम कदाचित यादीतले सर्वांत महाग ठरेल. त्यासाठी दोन साधी दृश्ये कमी करावी लागली तरी हरकत नाही.

मुदत ठरवताना गावाचे पंचांग लक्षात घ्यावे. आषाढापासून गणेश चतुर्थीपर्यंत हात चालणारे पुष्कळ कलाकार गणपतीच्या शाळांत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यांत, गुंतलेले असतात, त्यानंतर घरोघरी उत्सव असतो, आणि त्याच दिवसांत वीज व इंटरनेट यांचा भरवसा नसतो. शिमग्याचा आठवडाही मोकळा सोडावा. काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपूर्वी संपवणे दोघांनाही सोयीचे पडते.

कामाचे टप्पे आणि पैसे एकमेकांशी बांधून घ्यावेत. आगाऊ तीस टक्के, रेखाटने हाती आल्यावर चाळीस आणि अंतिम फाईल मिळाल्यावर उरलेले तीस, ही विभागणी मला न्याय्य वाटते. प्रत्येक टप्प्यावर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मूळ मोबदल्यात धराव्यात आणि त्यापुढच्या फेरीचा दर आधीच लिहून ठेवावा. मंजूर झालेले रेखाटन रंगवून झाल्यावर आपणच रचना बदलली, तर ती दुरुस्ती नसून नवे काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. गेम मध्येच बंद पडला तर झालेल्या टप्प्यापर्यंतचा पूर्ण मोबदला द्यायचा, हेही लिहावे. अभिप्राय एकाच माणसाने, एकत्र करून, लेखी द्यावा. तिघांनी व्हॉट्सॲपवर तीन परस्परविरोधी सूचना केल्या की चित्रकाराचा दिवस फुकट जातो.

हक्कांचा मुद्दा बहुतेक जण शेवटपर्यंत टाळतात, आणि गेम चालला तर नेमका तोच महागात पडतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या सतराव्या कलमानुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्राला आणि व्यक्तिचित्राला त्यात अपवाद आहे, परंतु डिजिटल रेखाटने, आराखडे आणि वस्तूंचे नकाशे यांच्या बाबतीत त्या अपवादावर विसंबू नये. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. एकोणिसाव्या कलमातल्या तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात: मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते धरले जाते, प्रदेश लिहिला नाही तर ते भारतापुरते धरले जाते, आणि वेगळे ठरलेले नसेल, तर मिळालेले हक्क एका वर्षात न वापरल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. छोटा गेम पुरा व्हायला वर्षाहून अधिक काळ सहज लागतो आणि स्टीमवर तो जगभर विकला जातो, म्हणून चित्रांची नावे, हक्कांचे स्वरूप, संपूर्ण मुदत, जगभरचा प्रदेश, मोबदला आणि एक वर्षाची अट लागू नसल्याचे वाक्य, हे सारे दोन पानांच्या मराठी करारात उतरवावे आणि तो एकदा वकिलाला दाखवावा. सर्व हक्क परवडत नसतील तर फक्त या गेमपुरता आणि त्याच्या जाहिरातीपुरता परवाना घ्यावा. तो स्वस्त पडतो आणि छोट्या कामाला बहुधा पुरतो. कर्ता म्हणून नाव लागण्याचा चित्रकाराचा अधिकार सत्तावन्नाव्या कलमाने स्वतंत्रपणे राखलेला आहे. गेम प्रसिद्ध झाल्यावर ही चित्रे स्वतःच्या संग्रहात दाखवण्याची मुभा त्याला करारातच द्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमांविषयी सुरुवातीलाच बोलून घ्यावे. जानेवारी २०२४ पासून स्टीमकडून गेम करणाऱ्यांना अशा प्रतिमांच्या वापराची माहिती मागितली जाते, त्यामुळे चित्रकाराने असे साधन कोठे वापरले हे आपल्याला ठाऊक असणे गरजेचे आहे. हाच नियम आपल्यालाही लागू आहे: आपण दिलेल्या संदर्भांत अशी प्रतिमा असेल तर तसे सांगावे, कारण तिच्यातली जहाजे, शिडे आणि दोरखंड दिसायला ठीक पण बांधणीला अशक्य असतात.

काम ताब्यात घेताना पीएनजीबरोबर लेयर असलेली मूळ फाईल, वापरलेल्या रंगांची पट्टी आणि निवड न झालेली रेखाटनेही करारात ठरल्याप्रमाणे घ्यावीत. फाईलच्या नावात दृश्य, टप्पा आणि तारीख असावी आणि दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. श्रेयनामावलीत आपले नाव कोणत्या लिपीत आणि कसे लिहायचे हे चित्रकारालाच विचारावे, आणि शेवटचा हप्ता फाईल उघडून पाहिल्याच्या त्याच दिवशी द्यावा.