भंगार विकताना आधारची झेरॉक्स देताय? या चुका टाळा

जुना गीझर, गंजलेलं ग्रील, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, शेतातली जळालेली मोटर. विकायला नेलं की दुकानदार काट्यावर माल ठेवण्याआधीच म्हणतो, "आधार आहे का? एक झेरॉक्स द्या." काही जण काहीही न विचारता आधार, पॅन, मोबाइल नंबर सगळं देऊन मोकळे होतात. काही जणांना राग येतो. "आम्ही काय चोर आहोत का?" म्हणत ते माल परत गाडीत टाकतात आणि काहीच न विचारणाऱ्या फिरत्या भंगारवाल्याला पडेल भावात देऊन टाकतात. दोन्हींत तोटा विकणाऱ्याचाच होतो. ओळख दाखवायलाच हवी. पण त्यासाठी किती माहिती द्यायची, कोणत्या स्वरूपात द्यायची आणि बदल्यात काय घ्यायचं, हे ठरवायचा हक्क आपला आहे.

ओळख विचारणाऱ्या दुकानदाराला टाळणं

तांबं महाग आहे, आणि म्हणूनच ते चोरीला जातं. शेतातल्या मोटरची केबल, डीपीतली वायर, बांधकामावरचे नळ, इमारतींच्या गच्चीवरचे एसीचे पाइप, हे सगळं शेवटी कुठल्या तरी काट्यावरच येतं. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला सबळ कारण असून तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा दाखल होतो. तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विजेच्या तारांसाठी २००३ च्या वीज कायद्यात आणि रेल्वेच्या मालासाठी १९६६ च्या कायद्यात वेगळी तरतूद आहे. रेल्वेचा माल बेकायदा बाळगल्याचं सिद्ध झालं तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे स्थानिक पोलीस ठाण्यातून भंगारवाल्यांना विक्रेत्यांची नोंद ठेवायला सांगितलं जातं, आणि शहाणा दुकानदार ती ठेवतो.

हे फक्त दुकानदारापुरतं आहे असंही समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ संशयास्पद माल जवळ बाळगणाऱ्याला, नेणाऱ्याला आणि विकायला काढणाऱ्यालाही लागू होतं. माल कुठून आला याचं समाधानकारक उत्तर त्याला देता आलं पाहिजे. दुकानदाराच्या वहीत तुमचं नाव, तारीख, वजन आणि मालाचं वर्णन नीट लिहिलेलं असेल, तर ती नोंद तुमच्याच बाजूनं बोलते. काहीही न विचारणारा भंगारवाला उद्या पोलिसांना काय सांगेल, याचा भरवसा कोण देणार?

आधारची पूर्ण झेरॉक्स देऊन निघून येणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक हीच. झेरॉक्स दिल्यावर तिचं काय होतं, हे एकदा दुकानात थांबून बघा. गल्ल्याखालच्या कप्प्यात नाही तर तारेत ओवून ती ठेवली जाते. वर बारा आकडी नंबर, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, आणि मागे पेनानं लिहिलेला मोबाइल नंबर. कप्पा भरला की हा गठ्ठा कुठे जातो? बऱ्याच दुकानांत मागच्या बाजूला रद्दीचाच ढीग असतो. भेळेच्या पुड्याचा कागद उलगडून वाचायची सवय असलेल्यांना पुढचं सांगायला नको.

आधारच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार मोफत उतरवून घेता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. नाव, फोटो आणि पत्ता असतोच. भंगारवाल्याच्या वहीसाठी एवढं पुष्कळ झालं. त्याहून सोपा उपाय म्हणजे आधार काढायचंच नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करायचं. आधार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा ठिकाणी आधार देणं ऐच्छिक आहे, आणि ओळख तपासणाऱ्यानं दुसरा पर्यायही सांगायला हवा. "आधारशिवाय चालत नाही" हे दुकानदाराचं वाक्य बहुतेक वेळा सवयीतून आलेलं असतं. शांतपणे परवाना दाखवला की बहुतेक जण तो घेतात.

झेरॉक्स द्यावीच लागली तर ती कोरी देऊ नका. तिच्यावर आडवं, फोटो आणि मजकुरावरून जाईल असं लिहा: "फक्त भंगार विक्रीच्या नोंदीसाठी", दुकानाचं नाव, तारीख, सही. कोपऱ्यात लिहिलं तर तेवढा भाग झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते, म्हणून मजकुरावरूनच लिहायचं. आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. लोखंड विकायला आधारचा ओटीपी लागत नाही.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून विसरून जाणं

"झेरॉक्स नसेल तर फोटो पाठवा" हे हल्ली जास्त ऐकू येतं. कागद निदान एका दुकानात राहतो. फोटो मात्र दुकानदाराच्या फोनमध्ये, बॅकअपमध्ये आणि कामगारांच्या ग्रुपमध्ये फिरतो. शक्य असेल तर कार्ड समोर धरा आणि त्याला नाव-पत्ता वहीत उतरवून घ्यायला सांगा. पाठवायचाच असेल तर मास्क केलेल्या आधारचा पाठवा आणि नोंद झाल्यावर आपल्या बाजूनं सर्वांसाठी पुसून टाका. समोरच्याच्या गॅलरीत उतरलेली प्रत त्यानं जात नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

इथे कायद्याची एक बाजू माहीत असलेली बरी. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा डिजिटल स्वरूपातल्या माहितीला लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं अमलात येत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, हा त्याचा गाभा आहे. पण कप्प्यातली कागदी झेरॉक्स कुणी स्कॅन करेपर्यंत या कायद्याच्या बाहेरच राहते. तिचं रक्षण तुम्ही तिच्यावर लिहिलेली आडवी ओळच करणार.

पॅन कशाला लागतं, हे न विचारणं

घरातलं वीस-तीस किलो भंगार विकताना पॅन मागितलं, तर कारण विचारा. भंगाराच्या धंद्यात बोगस बिलांचा सुळसुळाट आहे. माल एकाचा, बिल दुसऱ्याच्या नावावर आणि जीएसटी नोंदणी तिसऱ्याच माणसाच्या कागदपत्रांवर, असे प्रकार तपासांत पुन्हा पुन्हा समोर आले आहेत. पॅन आणि आधारच्या कोऱ्या झेरॉक्सची जोडी अशा लोकांना आयतीच हवी असते.

खरं कारणही असू शकतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचं भंगार घेताना जीएसटी भरायची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली आहे, म्हणून त्याला खरेदीचे कागद नीट ठेवावे लागतात. व्यवसाय म्हणून एकाच माणसाला दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती खरेदी आयकरात खर्च म्हणून धरली जात नाही. म्हणून मोठी रक्कम तो खात्यावर देऊ पाहतो, आणि त्यात काही वावगं नाही. रक्कम मोठी असेल आणि कारण पटलं तर पॅन द्या, पण त्या झेरॉक्सवरही तीच आडवी ओळ लिहा.

पैसे यूपीआयवर घेताना क्यूआर कोड दाखवला तरी पुरतं. खाते क्रमांक आणि पासबुकाचा फोटो द्यायची गरज नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ऑनलाइन जाहिरात पाहून फोन करणारा, माल न बघताच भाव मान्य करणारा आणि "आधी कोड स्कॅन करा" म्हणणारा गिऱ्हाईक भंगार घ्यायला आलेला नसतो.

पावती न घेणं

ओळखपत्र देताना आपण दहा प्रश्न विचारतो आणि पावती मागायला लाजतो. उलट व्हायला हवं. साध्या कागदावर का होईना, तारीख, दुकानाचं नाव, कोणता धातू किती किलो, दर, एकूण रक्कम आणि पैसे कसे दिले, एवढं लिहून घ्या. तांबं, पितळ, जर्मन (म्हणजे अॅल्युमिनियम), बीड (ओतीव लोखंड) आणि पत्रा वेगवेगळे लिहायला लावा. "मिक्स भंगार" एवढंच लिहिलं तर भावातही मार बसतो आणि उद्या वर्णन जुळवतानाही पंचाईत होते. वजनाआधी काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का, हेही बघून घ्या.

माल हातचा जाण्याआधी मोबाइलवर दोन फोटो काढा. मोटर असेल तर तिच्या नावाच्या पट्टीचा फोटो आणि जुनं बिल सापडलं तर तेही जपा. केबलचं तांबं जाळून नेऊ नका. धूर विषारी असतो, आणि आवरण जळालेलं काळं तांबं दिसलं की जाणत्या दुकानदाराला पहिली शंका चोरीचीच येते.

भांड्यांची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव, गाव आणि साल कोरलेलं असतं. आजीच्या लग्नातल्या घंगाळावर तिच्या माहेरचं आडनाव असतं, आहेरात आलेल्या पातेल्यावर भलत्याच कुणाचं. मोडीत घालायला गेलात की दुकानदार बोट ठेवून विचारतो, "हे कोण?" प्रश्न रास्त आहे. नातं सांगा आणि पावतीवर "घरातील जुनी भांडी, कोरीव नाव अमुक" असं लिहून घ्या. मात्र मंडळाचं, देवस्थानाचं किंवा ग्रामपंचायतीचं नाव असलेलं भांडं घरात कसं आलं हे माहीत नसेल, तर ते आधी ज्याचं त्याला परत करा. गॅसचं सिलिंडरही भंगारात देऊ नका. ते तेल कंपनीच्या मालकीचं असतं, तुमची तिथे फक्त अनामत असते.

सोसायटीचा माल सचिवाच्या आधारवर विकणं

जुने पाण्याचे पाइप, लिफ्टचे रूळ, गेट. हे कमिटीतलं कुणीतरी "मी बघतो" म्हणून विकून येतं आणि दुकानाच्या वहीत त्याचंच नाव आणि आधार राहतं. पुढे सभेत पैशांवरून वाद झाला किंवा पाइप शेजारच्या विंगचे निघाले, तर उत्तर द्यायला तो एकटा उरतो. मालाची यादी असलेला कमिटीचा ठराव करा, सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि रक्कम सोसायटीच्या खात्यावर घ्या. पॅन लागलंच तर सोसायटीचं द्या. माल पोचवायला गेलेल्या वॉचमनचं आधार तिथे ठेवून यायला लावणं तर सरळ अन्याय आहे.

गाडी कागदांसकट भंगारवाल्याला देणं

स्कूटर असो वा कार, आरसी, आधारची झेरॉक्स आणि सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन गाडी सोडली, तर सरकारदरबारी मालक तुम्हीच राहता. ती गाडी, तिचा नंबर किंवा चासी दुसरीकडे वापरली गेली तर चलन आणि चौकशी तुमच्याच दारी येते. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. गाडी चोरीची आहे का हे ती तपासतात आणि ताब्यात घेतल्यावर जमा प्रमाणपत्र देतात. ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. आरटीओतली नोंदणी रद्द झाली याची खात्री होईपर्यंत काम झालं असं समजू नका.

गाडी देण्याआधी फास्टॅग बंद करा. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करा, त्यात पॉलिसी आणि परवान्याची झेरॉक्स हमखास असते. गाडीच्या स्क्रीनला जोडलेल्या फोनमधले नंबर आणि घराचा पत्ताही पुसा. जुना संगणक विकतानाही हार्ड डिस्क काढून ठेवा. त्या लोखंडाचे किती पैसे येतात, आणि आत काय काय असतं!

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं फार सैल वाटेल. तिथे २०१३ च्या कायद्यानं भंगार धातूचे पैसे रोखीत देण्यावर बंदी आहे. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता पडताळावाच लागतो, आणि नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. पासपोर्टवर पत्ता नसल्यानं सोबत बँकेचं पत्रक किंवा वीजबिल न्यावं लागतं. त्या पत्रकावरचे व्यवहार झाकायला मात्र विसरू नका. आपल्याकडे असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, त्यामुळे काय मागायचं हे ज्याचा तो ठरवतो. म्हणूनच काय द्यायचं हे आपण ठरवून जायला हवं.

कोरी झेरॉक्स आधीच देऊन झाली असेल तर

पहिल्यांदा आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे बोटांच्या ठशांवर कुणाला व्यवहार करता येणार नाही. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे पडताळलं गेलं याचा इतिहास दिसतो, तो चाळा. संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहा, अनोळखी नंबरची तक्रार तिथेच करता येते. पॅनही दिलं असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कुठली नोंदणी झाली आहे का ते तपासा, आणि वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवाल मागवून अनोळखी कर्ज शोधा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. आधारबद्दलच्या शंकेसाठी १९४७ आहे.

दुकानात परत जाऊन झेरॉक्स मागायलाही संकोच करू नका. "ही द्या, मी सही केलेली दुसरी देतो" म्हटलं की बरेच जण देतात, कारण त्यांना नोंद हवी असते, तुमचा नंबर नव्हे. विकलेल्या मालाबद्दल पोलिसांचा फोन आला तर माल परत घ्यायला दुकानात धावू नका आणि दुकानदाराशी जुळवून काही सांगायच्या भानगडीत पडू नका. फोन खरंच त्या ठाण्यातून आलाय का, हे ठाण्याच्या नंबरवर उलट फोन करून पडताळा. मग पावती, मालाचे फोटो आणि असेल ते जुनं बिल घेऊन जा. मूळ कागद आपल्याकडे ठेवून प्रती द्या आणि त्यांच्यावर पोच घ्या. मूळ कागदच हवे म्हटले, तर कोणकोणते घेतले याची लेखी नोंद मागा.