पद्मिनीच्या इंजिनवरचं वर्षानुवर्षांचं कीट कसं काढायचं

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९७८ ची, बाबांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं ते छोटं इंजिन अजून पहिल्या हाकेला उठतं पण बॉनेट उघडलं की सगळं एकच काळं, टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनचं वरचं झाकण कुठे संपतं आणि ब्लॉक म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा कुठे सुरू होतो तेही कळायचं नाही. दोन रविवार घालवून मी ते साफ केलं, त्यातून जे कळलं ते सांगतोय.

पहिली गोष्ट म्हणजे लगेच ब्रश घेऊन बसू नका. हे कीट म्हणजे गळालेलं ऑईल, त्यावर बसलेली धूळ आणि वर्षानुवर्षांची भाजणी, म्हणजे जिथे थर सगळ्यात जाड आणि ओला तिथे वरून काहीतरी गळतंय हे पक्कं. टॉर्च मारून बघा आणि मोबाईलवर भरपूर फोटो काढून ठेवा, कारण एकदा धुतलं की हा पुरावा गेला. ऑईल खाली वाहतं आणि फॅनच्या वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑईलची टाकी, ओला दिसला म्हणून चेंबरचंच पॅकिंग गेलंय असं धरू नका, बऱ्याचदा वर टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग किंवा एसी पंपाचं, म्हणजे कार्बुरेटरला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचं, पॅकिंग निघतं.

आता तयारी. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि हात ठेवता येईल इतकं निवू द्या, कोमट असलं की कीट मऊ पडतं, पण तापलेल्या इंजिनवर गार पाणी मारलं तर मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो आणि रॉकेल पडलं तर पेटू शकतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर क्लीनर काढून कार्बुरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं आणि वरून पिशवी घट्ट बांधा, डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कॉईल आणि डायनॅमोलाही पिशव्या बांधा. प्लग मात्र काढायचे नाहीत, ते जागेवर असले की पाणी सिलिंडरमध्ये जात नाही.

मग कोरडंच खरवडायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण जेवढं कोरडं निघेल तेवढा पुढचा चिखल कमी. ब्लॉक लोखंडी आहे, तिथे लांबी लावायची पट्टी चालते, पण त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिथे लाकडाची पट्टी नाहीतर प्लास्टिकचा तुकडाच वापरा, ओरखडे पडतात. आमच्या ब्लॉकवरून बोटाच्या पेराएवढ्या जाड खपल्या निघाल्या, गुळाच्या ढेपेसारख्या, आणि एका खपलीखाली इंजिन नंबर सापडला, अक्षर न् अक्षर शाबूत. त्या जागी पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश अजिबात लावू नका, फडक्याने रॉकेल लावून बोटाने पुसा. २०२८ ला आमची गाडी ५० वर्षांची होईल, तेव्हा व्हिंटेज नोंदणी करायची म्हटलं तर हा नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे.

राहिलेल्या थराला रॉकेल किंवा डिझेल लावा, ब्रशने, खालून वरपर्यंत, आणि १५-२० मिनिटं सोडून द्या. पेट्रोल कधीच नाही, त्याची वाफ एका ठिणगीवर भडकते. कॉस्टिक सोडाही नाही, कीट पटकन कापतो हे खरं पण ॲल्युमिनियमलाही खातो, हेड आणि कार्बुरेटर दोन्ही काळे पडतात. विकतचा डिग्रीझर घेतलात तर डब्यावर ॲल्युमिनियमला चालतो असं लिहिलंय का ते बघून घ्या. बोल्टच्या कडा आणि कोपरे जुन्या टूथब्रशने, हट्टी डागांना पितळी तारेचा ब्रश. होज पाईप, फॅन बेल्ट आणि माउंटिंगचं रबर रॉकेलने फुगतं, तिथे उडालं तर लगेच साबणाच्या फडक्याने पुसायचं.

धुताना बादलीत साबणाचं पाणी आणि मगच पुरे. प्रेशर पंप नको हे मी कळकळीने सांगतोय, पूर्वी एका वॉशिंग सेंटरवाल्याने जोरात फवारा मारला आणि डेल्कोच्या आत पाणी गेलं, गाडी तीन दिवस अंगणात उभी राहिली. खाली मोठा ट्रे आणि भरपूर लाकडाचा भुसा ठेवा, ते काळं पाणी गटारात जाऊ देऊ नका, ते शेवटी नदीतच जातं.

वाळवायला घाई नको. पंपाने हवा मारून प्लगच्या खड्ड्यातलं पाणी उडवा, डेल्कोची कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा, रोटर आणि पॉइंटही, मग बॉनेट उघडं ठेवून दोन-तीन तास उन्हात. स्टार्ट करायच्या आधी डिपस्टिक ओढून बघा, ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, आधी ऑईल बदला.

सगळं कोरडं झालं की संशयाच्या जागांवर, म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेला, एसी पंपाच्या बुडाशी, चेंबरच्या जोडावर, साधी टाल्कम पावडर फुंकरा आणि गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्यावर ऑईलची रेघ लगेच उठून दिसते, तिचं वरचं टोक शोधायचं. आमच्याकडे ती रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती, नवीन कॉर्क टाकला आणि नट हाताला जेमतेम लागेपर्यंतच आवळले, कारण जास्त आवळलं की कॉर्क दबून फाटतो आणि परत तिथूनच गळायला लागतं. आता महिना झाला, रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा बघतो, कोरडा आहे.