विशेष भत्ता आणि ओव्हरटाइम: पगारपत्रक नेमकं कुठे चुकतं

किमान वेतनाचा दर वर्षातून दोनदा बदलतो, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानदार-कारखानदारांना ठाऊक असतं. तरी फरक थकतोच. विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार किमान वेतनाच्या मूळ दरात मिळवायची रक्कम, 1 जानेवारी आणि 1 जुलैपासून लागू होतो, पण तो काढतात मागच्या सहा महिन्यांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या सरासरीवर, आणि डिसेंबरचा निर्देशांक जानेवारी संपता संपता येतो. त्यामुळे जानेवारीचं पगारपत्रक करताना नवा आकडा बहुधा हातात नसतो. पगार जुन्या दराने काढा. कामगार आयुक्तालयाचं पत्रक आलं की 1 तारखेपासूनचा फरक पुढच्या पगारात वेगळ्या रकान्यात दाखवा. पीएफ लागू असेल तर तो या फरकावरही मोजा. फरक ‘इतर’मध्ये ढकलला, तर तपासणीत पगार कमी दिल्यासारखाच दिसतो.

पत्रक उघडण्याआधी आपला अनुसूचित रोजगार (किमान वेतनाच्या यादीतला आपला व्यवसाय), परिमंडळ (दरासाठी ठरवलेला भौगोलिक विभाग) आणि कामगाराची श्रेणी (कुशल, अर्धकुशल, अकुशल) ठरवा. हॉटेलला दुकानाचा दर लावणं ही नेहमीची चूक. परिमंडळाची व्याख्या प्रत्येक रोजगाराच्या मूळ अधिसूचनेत असते, ती तिथेच वाचा. शेजारच्या गाळ्याचा दर विचारून भागत नाही.

आता ओव्हरटाइम, तो दुप्पट दराने द्यायचा. सोपा आकडा घेऊ: मूळ दर अधिक विशेष भत्ता मिळून महिना 13,000 रुपये. भागिले कामाचे 26 दिवस म्हणजे रोज 500, भागिले 8 म्हणजे तासाला 62.50, दुप्पट 125. फक्त मूळ दराची दुप्पट देऊन विशेष भत्ता वगळणं चूक आहे. दुसरी चूक आठवड्यात लपते: रोज 9 तास, सहा दिवस, म्हणजे 54. एकही दिवस लांबलेला वाटत नाही, पण आठवड्याच्या 48 तासांच्या मर्यादेवर 6 तास झाले. या हिशेबाने 750 रुपये. म्हणून हजेरीपटात रोजच्या तासांशेजारी आठवड्याच्या बेरजेचा रकाना हवाच.

वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारी केंद्राची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यामुळे भत्त्यांची फोडही पुन्हा पाहा. एकूण 20,000, त्यात मूळ व महागाई भत्ता 8,000 आणि वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते 12,000 असतील, तर एकूण रकमेच्या निम्म्याच्या वरचे 2,000 वेतनात परत धरायचे, वेतन 10,000.

बातमी वाचून पगारपत्रक बदलू नका. 3 सप्टेंबर 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने दुकानांसाठी रोजचे तास 9 वरून 10, तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा 125 वरून 144 तास करायला मान्यता दिली, आणि ‘लागू झालं’ असे संदेश लगोलग फिरू लागले. मान्यता म्हणजे कायदा नव्हे. राजपत्रात अंमलाची तारीख पाहा, ती प्रत पगाराच्या फायलीत लावा, मगच सॉफ्टवेअरमधला आकडा बदला. जुना दर पुसू नका. ‘कधीपासून–कधीपर्यंत’ लिहून ठेवा, नाहीतर मागचा फरक काढताच येत नाही.

जानेवारीत काम करून पत्रक येण्याआधी सोडून गेलेल्यांचाही फरक निघतो. त्यांची यादी काढा आणि बँक खाती जपून ठेवा.