इयर सेव्हनची लस: ‘टीडी झालंय’ म्हणून नो टिक करू नका

इथे ऑस्ट्रेलियात मूल इयर सेव्हनला, म्हणजे सातवीला गेलं की शाळेतल्या लसींचा कन्सेंट फॉर्म येतो, आमच्या मेलबर्नला तो कौन्सिलकडून (म्हणजे नगरपालिकेकडून) असतो, आणि भारतातून नवीन आलेली मंडळी हमखास इथेच गडबडतात. मीही गडबडलेच होते. लेकाची पुण्याची फाईल काढली, 10 व्या वर्षाच्या रकान्यात निळ्या पेनाने ‘टीडी’ आणि बाजूला शिक्का, म्हटलं झालंय की हे, उगाच कशाला परत टोचायचं पोराला.

पण टीडी म्हणजे नुसतं धनुर्वात आणि घटसर्प, डांग्या खोकला त्यात नाहीच! आपल्या सरकारी वेळापत्रकात डांग्या खोकल्याचा शेवटचा डोस 5-6 वर्षांचा डीपीटी बूस्टर, पुढे 10 आणि 16 ला फक्त टीडी. इथे 12-13 व्या वर्षी डीटीपीए देतात, फुकट, आणि त्यात तिन्ही आहे. प्रायव्हेटमध्ये टीडॅप घेतलं असेल तर ते तिन्हीचंच, म्हणून कार्ड नीट वाचा, डॉक्टरी अक्षरात दोन्ही सारखंच दिसतं.

आधी भारतातलं कार्ड जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नेऊन सगळे डोस इथल्या सरकारी लसीकरणाच्या रजिस्टरमध्ये चढवून घ्या. मग फॉर्म. डीटीपीए आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस, मुलांनाही देतात) दोघांना वेगवेगळं यस करायचं असतं, एकावर टिक करून दुसरं तसंच राहतं बरेचदा. अॅलर्जी, आधीची रिअॅक्शन, इंजेक्शन बघून चक्कर येते का, हे न लाजता लिहा, या वयात चक्कर येणारी पोरं भरपूर असतात. त्या दिवशी नाश्ता करूनच पाठवा आणि बाही वर सरकेल असा शर्ट. नंतर 15 मिनिटं बसवतात, दंड एक-दोन दिवस दुखतो, बास.

डोस चुकला तर जीपीकडे नाहीतर कौन्सिलच्या सेशनला, 20 वर्षांच्या आत फुकटच.

आता एवढा आटापिटा का, तर डांग्या खोकल्याच्या लहानपणीच्या लसीचा जोर काही वर्षांत ओसरतो. 2024 मध्ये इथे ऑस्ट्रेलियात डांग्या खोकल्याच्या 57 हजारांहून जास्त केसेस झाल्या. टीनेजर आठवडेच्या आठवडे खोकत बसतो पण निभावतो, घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या जिवावर बेततं, त्याला पहिला डोसच मुळी 6 आठवड्यांनी मिळतो. म्हणून आजी-आजोबा बाळंतपणाला येणार असतील तर त्यांनाही तिकडेच टीडॅप घ्यायला सांगा, बाळाला हातात घेण्याच्या किमान 2 आठवडे आधी.