जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: आधी पेनड्राइव्हवरून पाहावे, मग बसवावे

ठाण्यात जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेला की दुरुस्तीवाला एक वाक्य हमखास ऐकवतो: "फक्त सी फॉरमॅट मारतो, डीला हात लावत नाही." या वाक्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मोफत आणि मुक्त स्रोत असलेली लिनक्स प्रणाली स्वतः बसवतानाही आपण तेच गृहीत धरतो, आणि तिथेच घात होतो. सी आणि डी ही नावे विंडोजने दिलेली आहेत. डिस्क बहुधा एकच असते, आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरमधला 'इरेज डिस्क' हा पर्याय ती सगळीच्या सगळी पुसतो. पहिल्या खेपेस नौपाड्यातल्या घरी मी हा पर्याय बेधडक निवडला आणि डीमध्ये जपून ठेवलेली चार वर्षांची छायाचित्रे चहा होईपर्यंत गेली. म्हणूनच या लेखात प्रत्यक्ष बसवण्याचा भाग मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने घरोघरचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप अडगळीत जाण्याच्या बेतात आहेत. अशा यंत्रांसाठी लिनक्स हा चांगला मार्ग आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला लिनक्स हा खरे तर प्रणालीचा गाभा आहे; त्याभोवती पडद्यावरची मांडणी, ब्राउझर, ऑफिस वगैरे जोडून जो वापरण्याजोगा संच तयार होतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, अगदी सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची एक तयार केली आहे. नवख्या वाचकाने मात्र त्यांच्या तुलनेत आठवडे घालवू नयेत. माझ्या मते लिनक्स मिंटने सुरुवात करावी: तिची मांडणी विंडोजच्या सरावाला जवळची आहे, आणि उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेल्या तिच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्यावी. यंत्र फारच थकलेले असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (सगळा संच एकत्र बांधलेली फाइल) उतरवून घ्यावी आणि तिथेच दिलेल्या पद्धतीने तिची शा २५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळणारी अक्षर-अंकांची ओळ) जुळते का ते पाहावे, कारण अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे पुढे जे विचित्र दोष दिसतात, त्यांचे खापर उगाचच लॅपटॉपवर फुटते. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफस किंवा बलेना एचर या मोफत साधनाने ती लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व जाते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

आता लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावावा, आणि सुरू करताक्षणी बूट मेनूची (यंत्र कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबत राहावी. बहुतेक यंत्रांत ती एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असते. मेनूतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच चालू होते आणि हार्ड डिस्कला आपण होऊन धक्का लावत नाही. हिला लाइव्ह अवस्था म्हणतात. ती थोडी मंद वाटते, पण तो दोष पेनड्राइव्हच्या वेगाचा आहे. यंत्र बंद केले की इथे केलेले बदल पुसले जातात, त्यामुळे निर्धास्तपणे सगळीकडे फिरून पाहावे.

नवखा माणूस इथे पार्श्वचित्रे बदलत बसतो. त्याऐवजी आपली रोजची कामे एकेक करून पाहावीत. वाय-फाय जोडावे, आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करावा, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते का ते पाहावे आणि घरच्या प्रिंटरवर एक पान छापावे. वाय-फाय दिसतच नसेल तर घाबरून जाऊ नये. काही चिपांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या चालवणारे प्रोग्राम, मुक्त नसल्याने ते संचात आधीपासून नसतात. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) चालू करावे, म्हणजे इंटरनेट मिळते, आणि मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर घालता येतो. माझ्या बहिणीच्या ऐरोलीतल्या लॅपटॉपचे वाय-फाय असेच मार्गी लागले.

मराठी टंकलेखनाची परीक्षा वेगळी घ्यावी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउट जोडला की इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी मिळते. 'दुसऱ्या' हा शब्द लिहून पाहावा: 'दुस' नंतर शिफ्टसह इंग्रजी J ची कळ दाबल्यावर ऱ उमटतो, मग D दाबल्यावर हलन्त, मग तिरक्या रेघेच्या (/) कळीवर य आणि E वर काना. शब्द नीट जुळला तर बहुतेक सर्व जुळते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असणाऱ्यांनी आयबस हे टंकलेखनाचे साधन आणि त्याचा एम१७एन हा जोडभाग घ्यावा. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या सदरात इंग्रजीपासून वेगळा ठरवावा लागतो. हे ठाऊक नसल्याने "अक्षर मोठे होतच नाही" अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

जे जमणार नाही तेही आधीच पाहून ठेवावे. सोसायटीचे हिशेब टॅलीत असतील तर ती विंडोजसाठी बनलेली आहे, तेव्हा त्या संगणकाच्या वाटेला जाऊ नये. युनिकोड ही आजची सामाईक अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेले जुने अहवाल त्या फॉन्टशिवाय निरर्थक इंग्रजी चिन्हांसारखे दिसतात. ब्राउझरमधून होणारी बँकेची आणि वीजबिलाची कामे मात्र सहसा पूर्वीसारखीच होतात.

एवढे सगळे पटले, तरच बसवायला घ्यावे. सी आणि डी दोन्हींमधल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात आणि त्यातल्या दोन-चार तिथून उघडूनही पाहाव्यात. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी आणि 'फास्ट स्टार्टअप' (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करणारी सोय) बंद करावे. सुरुवातीला विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवणे शहाणपणाचे. त्यासाठी 'इन्स्टॉल अलाँगसाइड' हा पर्याय निवडून मिंटला निदान ४० ते ५० जीबी जागा द्यावी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरतीच उरलेली असते, आणि डिस्कचे भाग पाडत असताना वीज गेली तर दोन्ही प्रणाली हातच्या जाऊ शकतात; तेव्हा ऐन पावसाळ्यात, वीज ये-जा करत असलेल्या संध्याकाळी हे काम काढू नये. वेळेचा विभाग विचारला की नकाशात मुंबई शोधत बसू नये, भारताची वेळ तिथे कोलकाता या नावाने असते.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवावा आणि टाइमशिफ्टमध्ये प्रणालीची एक प्रत साठवावी, म्हणजे पुढे काही बिघडले तर मागे जाता येते. टाइमशिफ्ट प्रणाली जपते, आपली छायाचित्रे नाही. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर तो बिघाड नव्हे: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. विंडोजमधून वेळ पुन्हा जुळवून घेता येते.

आणि ज्या डीची एवढी काळजी घेतली, तो फाइल मॅनेजरच्या डाव्या रकान्यात सापडतो. फक्त तिथे त्याचे नाव डी नसते. दिलेले नाव नसेल तर '२५० जीबी व्हॉल्यूम' असा त्याचा आकारच लिहिलेला असतो.