कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनाला जाताय? या चुका टाळा

नवा कॅमेरा बघायला हल्ली प्रदर्शनाची वाट कुणी बघत नाही. घोषणा, तपशील, नमुना फोटो हे सगळं आधीच फोनवर येऊन पडलेलं असतं. जर्मनीत कोलोनला १९५० पासून भरणारं फोटोकिना हे कॅमेऱ्यांचं प्रदर्शन २०१८ नंतर भरलंच नाही. जपानमधल्या योकोहामाच्या सीपी प्लससारख्या प्रदर्शनांना आजही जावंसं वाटतं, कारण तिथे वस्तू हातात घेता येते. आणि लोक काय करतात? काउंटरवरच्या माणसाला मेगापिक्सेल किती ते विचारतात. समोर पाटीवर लिहिलेलं असतं हो!

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते दुसऱ्याच्या सेटिंगवर निकाल देणाऱ्यांमुळे. डेमोचा कॅमेरा सकाळपासून कितीतरी हातांतून गेलेला असतो. कुणी फोकस मॅन्युअलवर टाकलेला, कुणी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन स्टॉप (चौथाईवर) उतरवून ठेवलेलं. पुढचा येतो, तीन क्लिक करतो आणि ‘ऑटोफोकस भंगार आहे’ म्हणून चालू लागतो.

आमच्याबरोबर एकदा एक उत्साही पोरगा आला होता. त्याच्या फोटोंत आडवे काळे पट्टे आले. लगेच निदान: सेन्सर (उजेड टिपणारी चिप) खराब. जेवणाच्या वेळेपर्यंत ही बातमी आमच्या सगळ्या टोळक्यात फिरली आणि एकाने तर त्याच मॉडेलचं बुकिंग फोन करून रद्दही केलं. मी दोघांना घेऊन परत त्या स्टॉलवर गेलो. शटर इलेक्ट्रॉनिकवर, वेग १/२००० सेकंद आणि समोर एलईडीची भलीमोठी भिंत! मेकॅनिकल, म्हणजे खरा पडदा हलणारं, शटर लावलं, वेग १/१०० वर आणला, पट्टे गायब. वीज ५० हर्ट्‌झची असेल तर बऱ्याच दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, ६० ची असेल तर १२० वेळा. एलईडीच्या पडद्यांची लुकलुक आणखी वेगळी. डोळ्याला ते कळत नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटर सहसा सेन्सर एकेक ओळ करत वाचतं, त्यामुळे प्रत्येक ओळीला वेगळा उजेड मिळतो. त्यात सेन्सरचा बिचाऱ्याचा काय दोष? बुकिंग रद्द करणारे गृहस्थ मग पुन्हा यादीच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

म्हणून मी कॅमेरा हातात घेतला की आधी शटरचा प्रकार, फोकस मोड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) आणि लेन्सवरचे स्विच बघतो. फारच गोंधळ असेल तर ‘रिसेट करून देता का?’ असं सरळ विचारतो. देतात. अर्धा मिनिट जातो. तेवढा धीर नसेल त्याने निदान मतं तरी वाटत फिरू नये.

स्टॉलवर सजून उभ्या राहिलेल्या मॉडेलचेच फोटो काढत बसणं ही दुसरी चूक. तिथला उजेड कॅमेरा छान दिसावा म्हणूनच लावलेला असतो. त्यात कुठलाही कॅमेरा छानच दिसतो. मी त्या सेटकडे पाठ करतो आणि छताचा अंधारा कोपरा टिपतो. सोबत आलेल्याला माझ्याकडे चालत यायला लावून फोकस तपासतो. फोटो १०० टक्के मोठा करून बघा. मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच धारदार दिसतं. स्वतःचं कार्ड घालण्याआधी विचारा. बाजारात न आलेल्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अंतिम नसतं, त्यामुळे फोटो बाहेर नेऊ देत नाहीत. तिथे हुज्जत घालू नका.

बॉडीचं वजन किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या छोट्या लेन्सवर, जोखू नका. तुम्ही वापरणार ७०-२०० एफ/२.८ ही लांबचं टिपणारी लेन्स, म्हणजे किलोभर वजन, तर तीच लावून मागा आणि दोन मिनिटं डोळ्याला धरून उभे राहा. चष्मा असेल तर चष्म्यासकट व्ह्यूफाइंडरचे (डोळा लावायच्या खिडकीचे) चारही कोपरे दिसतात का बघा.

‘जुन्या लेन्स चालतील ना?’ असं हमखास विचारतात. कॅननच्या डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) ईएफ माउंटचं, म्हणजे लेन्स बसायच्या कडीचं, सेन्सरपासूनचं अंतर ४४ मिमी, आरसा नसलेल्या मिररलेसच्या आरएफचं २०. मधल्या २४ मिमीत अ‍ॅडॉप्टर बसतो, म्हणून डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर चालते. उलटं चालत नाही.

उघड्या सेन्सरवर फुंकर मारू नका. नवे बूट घालून जाऊ नका. ‘आजच घेतलात तर’ असं कुणी म्हणालं की पाणी प्यायला बाहेर पडा.

आणि ट्रायपॉडचे स्टॉल टाळू नका. नव्या बॉडीसमोर रांग लागलेली असते तेव्हा तिथला माणूस जांभया देत असतो, हवं तेवढं दाखवतो. पाय पूर्ण उघडा, कॅमेरा बसतो त्या हेडवर तळहाताने दाबा, लॉक घट्ट केल्यावर फ्रेम घसरते का ते बघा. इंटरनेटवर यातलं काहीच कळत नाही.